फुंकणीवरचा आळ

मित्रांनो, चुलीशेजारी भिंतीला टेकून उभी असलेली जुनी लोखंडी फुंकणी, ती मी. मी घाटघरला राहते. जुन्नरच्या बाजारात एका लोहाराने पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा कापला, त्याचं एक तोंड ठोकून निमुळतं केलं आणि साळुबाईंच्या हातात दिला. तेव्हा त्या नुकत्याच लग्न होऊन या घरात आल्या होत्या. त्यांच्या फुंकरीने मी ओल्या लाकडांतूनही जाळ काढायचे. जेवून उठलेले पाहुणे म्हणायचे, "साळुबाई, भाकरी लई खरपूस व्हती बरं का!" त्यातली थोडी वाहवा मी माझ्याकडे ठेवून घ्यायचे.

पुढे त्यांचा मुलगा भरत जीप चालवू लागला. त्याचं लग्न झालं आणि वृषाली या घरात सून म्हणून आली. तिची फुंकर हलकी आणि लांब होती. मला ती आवडायची. पण महिन्यातले चार दिवस ती मला हात लावत नसे. पाळी आली की पडवीत बसायचं, चुलीला शिवायचं नाही, असा घरचा नियम होता. तो मला माझा मान वाटायचा. आपण किती पवित्र, म्हणून मी मनातल्या मनात मिरवायचे. आज ते आठवलं की जीव शरमेने अर्धा होतो.

तीन वर्षांपूर्वी, भाताची लावणी आटोपल्यावर, वृषालीच्या उजव्या खांद्यात एकदम कळ आली आणि तिला श्वास पुरेना. दवाखान्यात छातीचा फोटो काढला. फुफ्फुसातून हवा निसटून छातीत साठली होती आणि तिच्या दाबाने उजवं फुफ्फुस मिटून गेलं होतं. डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. आठ दिवसांनी ती घरी आली. धूर टाळा, जोरात फुंकू नका, जड उचलू नका, असं त्यांनी बजावलं होतं. भरतने गॅस आणला. मी पुन्हा साळुबाईंकडे आले, तेही भाकरीपुरती आणि आंघोळीच्या पाण्यापुरती.

पाच महिन्यांनी पुन्हा तेच झालं. पुन्हा नळी, पुन्हा बाटली.

"चोरून फुंकलंस ना?" साळुबाईंनी सुनेला विचारलं.

"न्हाई ओ आत्या, शपथ घेते."

"मग आपोआप मिटतं व्हय फुफ्फुस?"

 त्यानंतर वृषाली हंडा उचलायला घाबरायची, खोकायला घाबरायची. हसताना आधी छातीवर हात ठेवायची. तिने मला हातही लावला नव्हता, हे मला ठाऊक होतं. दोन्ही वेळा ती पडवीत बसली होती, हेही मी पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

मग ती सकाळ उजाडली. साळुबाई अंघोळ करून देवाचा नैवेद्य शिजवत होत्या आणि मी त्यांच्या हातात होते. पडवीतून हाक आली, "आत्या, खांदा लई दुखतोय. दम लागतोय."

"बसून तर हायेस. नैवेद्य हुं दे, मग बघते." साळुबाईंनी पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला, तोही लांबून. दुसरी हाक बारीक आली. तिसरी आलीच नाही. तासाभराने भरत जीप घेऊन परतला तेव्हा वृषालीचे ओठ निळे पडले होते.

घाईत निघताना साळुबाईंनी मला पिशवीत घातलं. या वेळी दवाखाना दुसरा होता आणि डॉक्टर बाई होत्या. वृषालीला नळी घालून झाल्यावर साळुबाईंनी मला त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"बाई, हिनंच घात केला बघा. पोरगी चोरून फुंकती."

"मावशी, आज फुंकलं का तिने?"

"आज कशी फुंकंल? दोन दिस झालं, चुलीला शिवत न्हाई ती."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "म्हणजे पाळी आलीय?"

साळुबाईंनी पदर तोंडाला लावला. भरत खाली बघू लागला.

"आणि मागच्या दोन्ही वेळी?"

खाटेवरून मास्कमागून वृषाली बोलली, "तवा बी."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"सगळ्यांसमोर कसं सांगू? अन् कुणी इचारलं बी न्हाई."

डॉक्टरबाईंनी समजावलं. क्वचित एखादीच्या बाबतीत गर्भाशयाच्या अस्तरासारखे ठिपके छाती आणि पोटामधल्या पडद्यावर वाढतात. पाळीच्या दिवसांत तिथे छिद्रं पडतात, त्यांतून हवा छातीत शिरते आणि फुफ्फुस मिटतं. फुंकणीने होणारं हे दुखणं नव्हतं.

मी निर्दोष ठरले. क्षणभर मला बरंही वाटलं. मग साळुबाईंचा आवाज ऐकू आला. "सकाळी तिनं हाक मारली व्हती, बाई. शिवंल म्हणून मी गेलेच न्हाई." त्या हाकांच्या वेळी मीही त्यांच्या हातात सोवळी होऊन बसले होते. माझा आनंद माझाच मला नकोसा झाला.

पुण्याला ऑपरेशन झालं. पडद्यातली छिद्रं शिवली, फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटवलं. पाळी थांबवायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी तिचं डोकं दुखतं, आणि मुलाचा विचार पुढे ढकलावा लागला. पुन्हा होणारच नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. चौदा महिने झाले, अजून झालेलं नाही.

गोळ्या चालू असूनही एकदा थोडं अंगावर गेलं, तेव्हा वृषाली सवयीने चटई घेऊन पडवीकडे निघाली. साळुबाईंनी उठून तिचा हात धरला. त्यांची अंघोळ झालेली होती.

"हितं बस, चुलीपाशी. माझ्या नजरंसमोर. छाती कशी हाय, सांग."

वृषाली कितीतरी वेळ रडत होती. साळुबाई तिच्याकडे बघू शकल्या नाहीत. त्यांनी नुसता हात धरून ठेवला.

मित्रांनो, आता मी गंजत चालले आहे आणि ते बरंच आहे. एवढंच मागते. घरात कुणी दुखतंय म्हणालं तर आधी जवळ जा, नियम नंतर बघा. आणि तुमचं काही दुखत असेल, तर लाज वाटली तरी सांगा. मला दोन तोंडं आहेत आणि एकातूनही शब्द निघाला नाही. तुम्हाला एकच आहे, पण त्यातून हाक निघते.