अण्णांचा अ‍ॅम्प्लिफायर तापतो

चार वर्षं सासुरवाडीत राहिलेल्या माणसाला स्वतःचं नाव उरत नाही. हे सगळ्या जगाला ठाऊक असतं, फक्त त्या माणसाला जरा उशिरा कळतं. आपल्या या गृहस्थाचंही तेच झालं. गल्लीत जावई, वाण्याकडे जावई, घरात तर काय, जावईबापूच! हातात कसब मात्र होतं. बिघडलेला रेडिओ त्याच्यापुढे ठेवा, चहा निवायच्या आत बोलायला लागेल.

त्या हाताला दूरच्या गावातून बोलावणं आलं होतं. साउंड सिस्टिम दुरुस्तीचं मोठं वर्कशॉप, वर राहायला दोन खोल्या. स्वतःच्या दोन खोल्या! सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस घेतो, असं मालकाने स्वच्छ सांगितलं होतं. बायको तयार होती, बॅग भरली होती. घोडं अडलं ते सासऱ्यांपाशी.

सासरे म्हणजे अण्णा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बायको मागेच गेलेली, एकुलती एक मुलगी. त्यांनी सव्वा वर्ष खपून घरीच एक अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता आणि तो भयंकर तापत होता. अण्णांनी ताटावर बसल्या बसल्या जाहीर केलं, "आधी याचा ताप उतरवा, मग खुशाल जा. काम अर्धवट टाकून जावई पळाला, असं मला ऐकायचं नाही."

घ्या! आता सासऱ्यापुढे बोलायचं कुणी?

तापायचा म्हणजे किती, तर अर्ध्या तासात आतल्या ट्रान्झिस्टरवर बोट टेकवायची सोय नाही. जावयाने काही करायचं बाकी ठेवलं नाही. ट्रान्झिस्टरची उष्णता ओढून घेणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काढून दुप्पट मोठी बसवली. लाकडी पेटीला मागून भोकं पाडली. छोटा पंखा लावला, तो अण्णांनी 'पेटीची शोभा गेली' म्हणून काढून टाकला. शेवटी त्याने मीटर लावलं, तेव्हा कळलं की गाणं बंद असतानाही ट्रान्झिस्टर नको इतका करंट ओढताहेत. हा करंट ठरवणारा आत एक इवलासा स्क्रू असतो. तो त्याने बरोबर आकड्यावर आणला आणि हलू नये म्हणून वर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. पेटी गार झाली. जावई शीळ घालत झोपायला गेला. सकाळी पेटी पुन्हा तव्यासारखी.

शनिवारी दुपारी त्याने झाकण उघडलं, तर ठिपका फुटलेला आणि स्क्रू पाव वळसा पुढे. पेटीला हात लावणारे घरात दोघंच, त्यातला एक तो स्वतः.

"अण्णा, हा स्क्रू तुम्ही फिरवता का हो?"

"काय?"

त्याने मोठ्याने विचारलं.

"मग! तुम्ही कमी करता आणि आवाज फाटतो. फाटला की करंट वाढवायचा. पुस्तकात लिहिलंय, जावईबापू."

पुस्तकात खरंच तसं होतं, तीच पंचाईत. त्याने स्क्रू आकड्यावर आणला आणि गाणं लावलं. आवाज कसा, तर धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. पण अण्णांचं तोंड कडू झालं. "ऐका, ऐका, फाटतोय!" जावयाने पेटीला कान लावला. काही फाटत नव्हतं. मग त्याला दाराची बेल आठवली, जी अण्णांना हल्ली ऐकू जात नव्हती, आणि प्रत्येक वाक्यामागचं ते "काय?" आठवलं. अरे देवा! पेटीत दोष नव्हताच. अण्णांचे कान चालले होते.

सांगावं, तर बहिऱ्या होत चाललेल्या एकट्या बापाला टाकून बायको कशाला येतेय? न सांगावं, तर पेटी जन्मात गार होत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि सोमवार परवावर आलेला.

"पोरी, इकडे ये," अण्णांनी हाक मारली. "तूच सांग, आवाज फाटतोय की नाही?"

बायको पदराला हात पुसत आली. तिने गाणं ऐकलं, बापाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हो अण्णा, फाटतोय थोडा."

जावयाला असा संताप आला की स्क्रूड्रायव्हर भिंतीवर भिरकावावा. धडधडीत खोटं, आणि तेही ऐन सुटकेच्या वेळी!

"आणि तुम्हाला?" अण्णांनी विचारलं. या वेळी आवाजात हुकूम नव्हता. म्हातारा घाबरलेला होता. त्याचे डोळे जावयाच्या ओठांवर खिळले होते.

'नाही' म्हणायला जावयाने तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "फाटतोय, अण्णा. थोडासा."

"बघा! मी काय म्हणत होतो?" अण्णा लहान पोरासारखे खुलले. जावयाने स्वतःच्या हाताने स्क्रू पाव वळसा पुढे नेला. "आता कसं गोड वाजतंय!" अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "जा हो तुम्ही सोमवारी. उगाच अडवलं तुम्हाला. तापतोय तर तापू दे. मी असतो की शेजारी बसलेला. काही तडतडलं, फुटलं, तर ऐकू येईलच मला."

ज्या एका शब्दासाठी तो आठवडाभर झुरला, तो असा फुकट हातात पडला आणि काही कामाचा राहिला नाही. तो उठून आतल्या खोलीत गेला.

बॅग पलंगावर उघडी होती. तिच्यात फक्त त्याचे शर्ट होते. बायकोचे कपडे कपाटात नीट लावलेले होते.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"वर्ष झालं."

"मग बॅग कशाला भरलीस?"

तिने त्याचा एक शर्ट उचलला, छातीशी धरला, आणि तिचा बांध फुटला. "मलाही जायचं होतं हो," ती म्हणाली.