गॅरेजमधला नळ

गॅरेजमधून ठक ठक चालूच होतं आणि रेखाताईंचं डोकं उठलं होतं. मेथी निवडता निवडता त्यांनी दोनदा हाक मारली, "अहो, झालं का?" दोन्ही वेळा पलीकडून एकच उत्तर आलं, "होतंय." हे "होतंय" त्या दर नोव्हेंबरात ऐकत आल्या होत्या. अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या बाकीच्या लोकांना थंडीची चाहूल झाडांवरून लागते. रेखाताईंना ती प्रतापरावांच्या जुन्या पँटवरून लागायची. गुडघ्यावर फाटलेली ती पँट कपाटातून निघाली की समजायचं, हा माणूस आता गॅरेजच्या फरशीवर आडवा होऊन त्या मेल्या नळाला गोधडी पांघरवणार.

एरवी थंडीसाठी घर तयार करायचं काम ते केवढंसं! बागेतला होज काढून गुंडाळायचा, मागच्या अंगणातल्या नळाचं पाणी बेसमेंटमधून बंद करायचं, नळ उघडून आतलं उरलंसुरलं पाणी गळू द्यायचं, की संपलं. शेजारीपाजारी एवढंच करतात आणि फुटबॉल बघत बसतात. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणाच्या गॅरेजमध्ये मासे तळायची शेगडी नव्हती आणि शेगडीशेजारी सिंक आणि नळही नव्हता.

मुलगा नील तिसरीत असताना सासूबाई सांगलीहून कायमच्या राहायला आल्या, तेव्हापासूनचं हे लचांड. सासूबाई कडक शाकाहारी, आणि रेखाताई मालवणच्या. घरात बांगडा शिजणं शक्य नव्हतं आणि बांगड्याशिवाय रेखाताईंचं जगणं शक्य नव्हतं. तेव्हा मासे गॅरेजमध्ये गेले. धुवायला पाणी मात्र घरातून बादलीने न्यावं लागे. एकदा बादलीसकट रेखाताई पायरीवरून घसरल्या, आणि त्याच शनिवारी प्रतापरावांनी पाइप आणले. प्लंबरला बोलावलं नाही, परमिट काढलं नाही, कुणाला विचारलंसुद्धा नाही. सांगलीत टाकतात तसा पाइप टाकला, भिंतीवरून, सगळ्यांना दिसेल असा. उद्या काही झालं तर भिंत फोडायला नको, असं म्हणाले. सांगलीत पाइपाला उद्या काय व्हायचंय, फार तर उन्हाने तापेल. मिशिगनमध्ये काय होतं ते पहिल्याच जानेवारीत पाइप गोठला तेव्हा कळलं.

बरं, घाईघाईत त्या पाइपाला स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवायचा राहूनच गेला. त्यामुळे गॅरेजचं पाणी तोडायचं म्हणजे अख्ख्या घराचं तोडायचं. व्हॉल्व्ह नंतर कधीही बसवता आला असता, पण मग तो आधी राहिला होता हे कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा प्रतापरावांनी दर वर्षी पाइपाला फोम, त्यावर गोधडीचे तुकडे आणि त्यावर रेखाताईंच्या जुन्या सुती साड्या गुंडाळणं पत्करलं. कडाक्याची थंडी पडली की नळ थेंब थेंब सोडून ठेवायचा आणि पहाटे उठून थेंब पडतोय का ते बघून यायचं. इंजिनियर माणूस! अशा वेळी रेखाताईंना आपल्या वडिलांची कीव यायची. जावई इंजिनियर आहे म्हणून त्यांनी गावभर पेढे वाटले होते.

सासूबाई जाऊनही बरीच वर्षं झाली. आता घरात मासे तळायला कुणाची हरकत नव्हती, पण गॅरेजची सवय सुटली नव्हती. खरं तर आता रेखाताईंनाच तिथे फार वेळ उभं राहवत नसे. आणि गेल्या वर्षी पाइप गुंडाळून उठताना प्रतापरावांचा गुडघा दगा देऊन गेला, सिंकच्या कडेवर हनुवटी आपटली आणि टाके पडले. त्या दिवसापासून रेखाताईंनी एकच धोशा लावला, तो पाइप कापून टाका. वर्षभर प्रतापरावांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शेवटी रेखाताईंनी बेलव्ह्यूला राहणाऱ्या नीलला फोन केला. नीलने तिकडूनच एक प्लंबर ठरवला. तो उद्या सकाळी येणार होता.

म्हणूनच आज प्रतापराव जेवण होताच पँट बदलून गॅरेजमध्ये शिरले होते. त्यांचा हिशेब सरळ होता. आजच पाइप नीट गुंडाळून झाला, की उद्या त्या माणसाला कापायला कारणच उरणार नाही.

मघाशी नीलचा फोन आला तेव्हाही रेखाताईंनी हेच रडगाणं गायलं. तू बोल बाबांशी, माझं ऐकत नाहीत, म्हणाल्या. नील मीटिंगमधून मीटिंगमध्ये चालला होता.

"आई, जस्ट कट इट. इट्स अ पाइप. बाबा काय तिथे फिश मार्केट चालवतात का?"

"मी तरी तेच म्हणतेय ना."

"सो व्हाय इज धिस अ डिस्कशन?"

याचं उत्तर रेखाताईंना माहीत होतं, पण फोनवर द्यावंसं वाटलं नाही. प्रतापरावांनी उभी हयात एका गाड्यांच्या कंपनीत काढली. बॉनेटखालची कुठली नळी कुठून कुठे जाईल ते आधी कागदावर आणि मग कॉम्प्युटरवर आखायचं, एवढंच त्यांचं काम. किती तरी मॉडेलं निघायच्या आधीच रद्द झाली. जी रस्त्यावर आली त्यांच्या त्या नळ्या मेकॅनिकखेरीज कुणाला दिसल्या नाहीत. त्यांनी आखलेली आणि त्यांनीच जोडलेली अशी जगात एकच नळी होती. हळदीकुंकवाला बायका जमल्या की हे त्यांच्या नवऱ्यांना गॅरेजमध्ये घेऊन जायचे आणि नळ सोडून दाखवायचे. पाहुणे बिचारे माना डोलवायचे. रेखाताईंना तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मेथी निवडून झाली. ठक ठक चालूच होतं. रेखाताई जुड्यांचे दोरे गोळा करत होत्या, आणि त्यांचा हात थांबला. हे ठोकणं काही तरी वेगळं होतं. प्रतापराव काम करताना दोन घाव घालायचे, मग काही तरी खाली पाडायचे, स्वतःवरच खेकसायचे, पाना सापडत नाही म्हणून रेखाताईंनाच बोल लावायचे. आज कधीपासून नुसतंच ठक, ठक, ठक. मध्ये एक शिवी नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली.

"होतंय," प्रतापराव म्हणाले. आवाज खालून, फरशीवरून आल्यासारखा होता.

रेखाताई हात तसेच घेऊन उठल्या आणि गॅरेजचं दार उघडलं.

प्रतापराव सिंकखाली उताणे पडले होते. फोमचं पाकीट शेजारी तसंच होतं, उघडलेलंसुद्धा नव्हतं. गोधडीची घडी मोडलेली नव्हती. पोटावर एक हात ठेवून, छताकडे बघत, ते दुसऱ्या हाताने पाइपावर पाना आपटत होते. रेखाताईंच्या चपला दिसल्यावर पाना थांबला.

"काय बघतेस? हवा अडकलीय का ते बघतोय," ते म्हणाले.

रेखाताईंनी गोधडीकडे पाहिलं, मग त्यांच्या निळसर पडलेल्या बोटांकडे. सगळं ध्यानात आलं. आडवं होणं जमलं होतं, उठणं जमत नव्हतं. आणि आत कळू नये म्हणून हा माणूस काम चालल्याचा आवाज करत पडून राहिला होता.

"हाक का नाही मारलीत?"

"तू मेथी निवडत होतीस."

रेखाताईंना असा संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. बोलायला पुष्कळ होतं. वर्षभर त्यांनी हेच तर सांगितलं होतं, आणि आता समोर पुरावाच पडला होता. पण तो पुरावा थंडीने कुडकुडत होता. त्यांनी शेगडीपाशी पडलेलं बुटकं स्टूल ओढून आणलं. आधी कुशीवर व्हा म्हणाल्या. मग कोपर टेका, मग गुडघा, तो नव्हे, चांगला गुडघा. मध्येच त्यांची स्वतःची कंबर बोलायला लागली. दोघांनी मिळून ते ओझं कसंबसं स्टुलावर आणलं. प्रतापराव धापा टाकत बसले. रेखाताईंनी गोधडीची घडी मोडली, त्यांच्या खांद्यावर टाकली, आणि तिथेच उलट्या बादलीवर बसून त्यांची बोटं चोळू लागल्या. हाताला मेथीचा वास होता.

बोटांत जरा ऊब आल्यावर प्रतापराव म्हणाले, "उद्या येऊ दे त्याला."

एवढं ऐकण्यासाठी रेखाताईंनी वर्षभर घसा कोरडा केला होता. आता ऐकलं तर जराही बरं वाटलं नाही.

"एकदाही गळला नाही तो," त्या म्हणाल्या.

"गोठला की जानेवारीत."

"गोठला. गळला कधी?"

प्रतापरावांनी वर पाइपाकडे पाहिलं. प्रत्येक सांध्यावरून त्यांची नजर फिरून आली. "नाही," ते म्हणाले. "गळला नाही."

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. डग नावाचा जाडजूड, घाईतला माणूस होता. पाइप बघून त्याने भुवया उंचावल्या आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. प्रतापराव दाढीबिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. "आय डिड," ते म्हणाले. डगने मान हलवली. याला नुसता व्हॉल्व्ह बसवून भागणार नाही, जुन्या जोडांना हात लावला तर सगळंच बदलावं लागेल, त्यापेक्षा बेसमेंटमध्ये कापून टोक बंद करणं बरं, असं त्याचं म्हणणं पडलं. प्रतापरावांनी वाद घातला नाही. तेच रेखाताईंना सहन होईना. एरवी याच माणसाने डगला तासभर पाण्याच्या दाबावर व्याख्यान दिलं असतं.

रेखाताईंनी डगला जरा थांबायला सांगितलं. पहाटे फ्रीजरमधून काढून ठेवलेले बांगडे गॅरेजमध्ये आणले, अंगात कोट, डोक्याला स्कार्फ अशा अवतारात सिंकपाशी उभ्या राहिल्या आणि नळ सोडला. पाणी इतकं गार होतं की बोटांना कळा लागल्या. तरी त्यांनी एकेक बांगडा उलटसुलट करून सावकाश धुतला. डग फोन बघत होता. प्रतापराव दारात उभे राहून पाण्याची धार बघत होते. धुऊन झालं तेव्हा त्यांनी स्वतः पुढे येऊन नळ बंद केला, आणि सवयीने पुन्हा एकदा घट्ट पिळला.

बेसमेंटमधलं काम चहा गार व्हायच्या आत उरकलं. जाताना डगने विचारलं, भिंतीवरचा तो जुना पाइप उतरवून नेऊ का, आता तो काही कामाचा नाही. प्रतापराव खाली बघत होते. रेखाताईच बोलल्या.

"नो. लीव्ह इट."

प्रतापरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. रेखाताईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. बांगड्यांना मीठमसाला लावायचा राहिला होता.

जानेवारीत कडाका पडला. शाळा बंद राहिल्या, बसगाड्या बंद राहिल्या. अशाच एका पहाटे रेखाताईंना चपलांचा आवाज आला. फटफट करत तो जिन्यावरून खाली गेला, गॅरेजचं दार उघडलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग दार लागलं, आणि चपला फटफट करत वर आल्या. इतक्या वर्षांत रेखाताई या आवाजावर वैतागून कुशीवर वळायच्या आणि झोपेतच एक प्रश्न टाकायच्या. आजही तो तोंडातून गेलाच.

"येतंय का पाणी?"

विचारलं आणि त्यांनी जीभ चावली. प्रतापराव अंधारात पलंगाशी उभे राहिले.

"येतंय," ते म्हणाले.

रेखाताईंनी पांघरुणाची कड उचलून धरली. प्रतापरावांचे पाय बर्फासारखे गार होते.