फाटकाच्या आत मराठी कळत नाही

सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळेचा तळमजला भाड्याने घेऊन मॅडमनी छोट्यांचं स्पॅनिश शिबिर काढलं, तेव्हा नियम एकच केला. फाटकाच्या आत शिकवणाऱ्या बाईंनी स्पॅनिशखेरीज अवाक्षर काढायचं नाही. मुलं मराठीत बोलली तर बोलू देत, पण बाईंना मराठी येतं असा नुसता संशयसुद्धा त्यांना येता कामा नये. पालकांना हे फार पटलं. आपलं मूल साडेचार वर्षांचं झालं तरी अजून एकाच भाषेत हट्ट करतं, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती.

खुद्द मॅडमना स्पॅनिश येत होतं, असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. त्यांना 'सुप्रभात', 'धन्यवाद' आणि 'फार छान' एवढं येत होतं आणि तेवढ्या भांडवलावर त्या पालकांची सभा घेऊ शकत. बाकी सगळा भार बाईंवर.

बाई म्हणजे मुलांची सेन्योरा. यापूर्वी ती एका कचेरीत वॉशिंग मशीनच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करायची, त्यामुळे तिचा स्वभाव आधीच शांत झाला होता. मूल मराठीत काही बोललं की मान किंचित तिरकी करायची, भुवया उंचवायच्या, गोड पण मख्ख हसायचं आणि खांदे उडवून म्हणायचं, "नो एन्तिएन्दो." मला कळत नाही. हा चेहरा तिने घरी आरशासमोर बसवला. नवरा म्हणाला, "मेहनत कशाला घेतेस? गॅसचा नंबर कोण लावणार असं विचारलं की तू हाच करतेस."

तिसऱ्या दिवसापर्यंत मुलांची खात्री पटली, की ही बाई मनाने चांगली आहे, पण डोक्याने बेताची. तिच्यासमोर ती बिनधास्त बोलू लागली. कुणाची आई मॅडमना नुसत्या मिरवणाऱ्या म्हणते, कुणाचे बाबा ऑफिसला जातो सांगून गाडीत झोपतात, सेन्योराचे केस म्हणजे सुगरणीचं घरटं आहे, हे सगळं तिने मख्ख राहून ऐकलं. तोंडाची टकळी कधी न थांबणारा एक मुलगा होता, त्याला सगळे पोपट म्हणत. त्याला तर तिची कणवच आली. मधल्या सुट्टीत तो एकेका वस्तूवर हात ठेवून तिची शिकवणी घेऊ लागला.

"ही खुर्ची. म्हण, खुर्ची."

"कुर्ची," सेन्योरा म्हणाली.

"जमेल हळूहळू," पोपट म्हणाला.

सगळ्यांत लहान होती मुंगी. हे तिच्या आजोबांनी ठेवलेलं नाव. तेच तिला सोडायला आणि न्यायला येत. मुंगी कुणाशी फारशी बोलत नसे. सेन्योराकडे टक लावून बघत बसे, एवढंच.

शेवटच्या दिवशी लपाछपी ठरली. राज्य सेन्योरावर. तिने नियम पहिल्याच दिवशी पक्का शिकवला होता: खेळ संपला की ती ओरडणार, "तोदोस फ्वेरा," म्हणजे सगळे बाहेर, आणि तोवर सापडल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. पण या खेपेला मुलं इतकी वाईट लपली होती, की ते ओरडायची वेळच आली नाही. पोपट पडद्यामागून बोलत होता. बाकीचे बाकांखाली खिदळत होते. सगळे सापडले.

सगळे, पण मुंगी नाही.

सेन्योराने वर्ग पाहिले, कपाटं पाहिली, बाथरूम पाहिली. फाटकावरच्या वॉचमनने शपथेवर सांगितलं, की बाहेर मांजरसुद्धा गेलेलं नाही. मग तिला मागच्या अंगणातली पाण्याची टाकी आठवली. ती धावत सुटली. टाकीच्या झाकणाला कुलूप होतं. तिने ते दोनदा ओढून पाहिलं आणि भिंतीला धरून क्षणभर उभी राहिली.

पण मूल कुठे होतं?

ती परत आली तेव्हा मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. भीती माणसाच्या डोक्यातून मागाहून शिकलेल्या गोष्टी आधी काढून नेते. सेन्योराचं स्पॅनिश तसंच गेलं, एकही शब्द मागे न ठेवता. "मुंगे," ती व्हरांड्यात उभी राहून ओरडली, "अगं कुठे आहेस तू? ये गं बाळा बाहेर." नियम मोडल्याचं मॅडमच्या ध्यानातही आलं नाही, कारण त्या जिन्याखाली वाकून तेच ओरडत होत्या.

नेमके तेव्हाच आजोबा आले.

"मुंगी कुठाय?"

"लपलीय," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे, खेळ चाललाय."

आजोबांनी दोघींच्या तोंडांकडे पाहिलं आणि ते दारादारातून हाका मारत निघाले. "मुंग्ये, चल गं राणी, घरी जायचंय." हाक भिंतीवर आपटून परत येई. एकदा त्यांनी खांबाला धरलं, तेव्हा सेन्योराने नजर वळवली. सकाळी याच म्हाताऱ्याने मुंगीचा हात आपल्या हातातून काढून तिच्या हातात दिला होता.

मॅडम मुलांच्या रांगेकडे वळल्या. "बाळांनो, कुणी पाहिलं का तिला? खरं सांगा. कुणी रागावणार नाही."

मुलांनी मान किंचित तिरकी केली. भुवया उंचावल्या. सगळी एकदम गोड आणि मख्ख हसली. आणि रांगभर खांदे उडाले.

"नो एन्तिएन्दो," पोपट म्हणाला.

सेन्योरा बघतच राहिली. तिचाच चेहरा रांगेने उभा होता. मुलं चेष्टा करत नव्हती. कुणी मराठीत काही विचारलं की फाटकाच्या आत असंच करायचं असतं, हे त्यांनी आठवडाभर पाहिलं होतं. मग मुंगीने तरी दुसरं काय केलं असेल? तिने तर बघण्याखेरीज काहीच केलं नव्हतं.

सेन्योराने डोळे मिटले. हरवलेल्या शब्दांतले दोनच हवे होते. वॉशिंग मशीनमधलं पाणी काढून टाकण्याचं सगळं स्पॅनिश आठवलं, आणि त्यामागून ते दोन आले.

"तोदोस फ्वेरा," ती ओरडली. आवाज फाटला.

व्यायामाच्या खोलीत काहीतरी सरपटल्याचा आवाज झाला. कोपऱ्यात गादीची जाडजूड वळकटी पडली होती. तिघांनीही तिच्यावरून हात फिरवला होता, आत वाकून कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या भिंतीकडच्या तोंडातून आधी पाय आले, मग फ्रॉक, मग धुळीने माखलेली मुंगी.

सर्वांचा जीव भांड्यात पडला. आजोबा खालीच बसले. सेन्योराने पोरीला उचलून घट्ट धरलं. "किती हाका मारल्या गं. ओ नाही द्यायची?"

मुंगीने मान तिरकी केली आणि खांदे उडवले.

मग शांतता झाली, कारण पोपट विचार करत होता. "सेन्योरा मराठी बोलली," तो म्हणाला.

मॅडमनी श्वास रोखला. शिबिराची अब्रू एका साडेचार वर्षांच्या मुलाच्या तोंडात होती.

"आम्ही शिकवलं," पोपट म्हणाला. "आठवड्यात."

"मुय ब्येन," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. म्हणजे, फार छान.

आजोबा मुंगीला घेऊन फाटकाबाहेर पडले आणि पहिल्याच पावलाला तिचं तोंड सुरू झालं. व्हरांड्यात सगळं ऐकू येत होतं.

"आजोबा, तुमच्या हाका मला ऐकू येत होत्या."

"मग गप्प का बसलीस, बये? माझा जीव जायची वेळ आली होती."

"आत मराठी कळत नाही. तुम्हाला नियम माहीत नाही का?"

"आणि तुझी ती सेन्योरा मराठीत बोंबलत होती, ती?"

"ती नवीन शिकलीय," मुंगी समजुतीने म्हणाली. "तिचं चुकतं."

आजोबा हसले. बराच वेळ हसत राहिले, मध्येच चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा हसले.

इकडे हाताला लागलेल्या पहिल्या बुटक्या खुर्चीत सेन्योरा मटकन बसली. पोपट तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"कशावर बसलीस?"

"खुर्चीवर," ती म्हणाली. ख अगदी स्वच्छ.

पोपटाने मागे वळून बाकीच्यांना सांगितलं, "झालं हिचं."