काटा बोलेल ते शेवटचं

मी एक जुना ताणकाटा आहे, मित्रांनो, आणि मला एका डब्याचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला फार सज्जन समजणार नाही.

कारखान्यात एका कामगाराने माझ्या पोटात पोलादी स्प्रिंग बसवली, पितळी पट्टीवर तीस किलोंपर्यंत रेघा कोरल्या आणि खाली आकडा लावला. मेंढ्या पाळणाऱ्या एका गृहस्थांनी मला विकत घेतले आणि कोकरांच्या गोठ्यात तुळईला टांगले. दर रविवारी एकेक कोकरू गोणपाटाच्या झोळीत बसून माझ्या आकड्याला लोंबकळे. कुणी पाय झाडी, कुणी माझ्यादेखत मुतून मोकळे होई. मालक डोळे बारीक करून रेघ वाचत आणि समोरच्या दारावर पांढऱ्या रंगाने वजन लिहीत. "माझा सगळा कळप या काट्याच्या शब्दावर चालतो," असे ते पाहुण्यांना सांगत. तेव्हा मला आभाळ ठेंगणे होई.

पुढे त्यांची सून गोठ्याचे काम पाहू लागली. गेल्या वर्षी हगवण लागून सात कोकरे गेली. शेवटचे तर तिच्या मांडीवरच गेले. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, "पोट ठीक नसेल तर खाल्लेलं अंगी कसं लागेल? ओवा, लसूण, मेथी वाळवून त्याची पूड खुराकातून देऊन बघ." सुनेने आठवडाभर खपून पूड केली आणि एका डब्यात भरली. डब्याच्या झाकणावर फुले रंगवलेली होती. तो तिने अगदी माझ्या समोरच्या फळीवर ठेवला.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखू लागले. डब्याला ओल लागू नये म्हणून सून त्याला दिवसातून दोनदा कोरड्या फडक्याने पुसायची. शेजारीण आली की झाकण उघडून वास द्यायची. माझा आकडा गंजला होता, दोन वर्षांत मला तेलाचा थेंब मिळाला नव्हता, पण तिचे तिकडे लक्षच नव्हते. आयुष्यभर राबलो मी, आणि कौतुक या कालच्या डब्याचे.

सासऱ्यांनीही नाक मुरडले. मला बरे वाटले.

"पाला खाणाऱ्या जनावराला पाल्याची पूड कशाला? नुसता कचरा," ते म्हणाले.

"बाबा, सहा आठवडे करून बघू. दहा कोकरांना पूड, दहांना नाही. बाकी खुराक सारखाच."

"बघ. पण काटा बोलेल ते शेवटचं. फरक दिसला नाही तर डबा बाहेर."

तिने पूड खाणाऱ्या कोकरांच्या पाठीवर लाल ठिपका दिला, बाकीच्यांच्या पाठीवर निळा, आणि मध्ये कुंपण घातले. मी मनोमन ठरवून टाकले की हा डबा आता सहा आठवड्यांचा पाहुणा.

पण दुपारी सून चारा आणायला गेली की म्हातारेबुवा हळूच गोठ्यात यायचे. इकडे तिकडे बघायचे, डब्यातून मूठभर पूड काढायचे आणि निळ्या कोकरांच्या खुराकात मिसळायचे. रोज. पूड लवकर संपते म्हणून सून उंदरांना शिव्या द्यायची. मी सारे बघत होतो. मला तोंड नाही, पण असते तरी मी गप्पच बसलो असतो. दोन्हीकडची वजने सारखी आली की डब्याची हकालपट्टी ठरलेली होती.

सहाव्या रविवारी तसेच झाले. लाल सरासरी एकोणीस किलो, निळेही सरासरी एकोणीस किलो. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, तेवढ्यात सुनेची नजर माझ्यावर गेली.

"दोन्हीकडे एकच आकडा कसा? पुडीचा दोष नाही, बाबा. हा काटाच अडकलाय. बघा किती गंजलाय."

तिने मला खाली काढले आणि फुटक्या बादलीत टाकले. "उद्या भंगारवाल्याला देऊ. नवा काटा आणू आणि पुन्हा करून बघू."

बादलीतून मला फळीवरचा डबा दिसत होता. त्याची फुले मला इतकी कधीच खुपली नव्हती.

म्हातारे बादलीपाशी आले. मग वाकून त्यांनी मला उचलले.

"काट्याला बोल लावू नकोस. निळ्यांनाही मी पूड घालत होतो."

"तुम्ही? तुम्ही तर कचरा म्हणत होता."

"म्हणत होतो. कचऱ्यानं काय होणार, म्हणून तर घातली. कुंपणाला तोंड लावून बघत राहायची गं ती. एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला नुसतं बघत ठेवायचं, मला नाही जमत."

मग त्यांनी दाराकडे बोट केले. गेल्या वर्षी याच वयाच्या कोकरांच्या नावे तिथे सोळा किलो लिहिले होते. यंदा एकही कोकरू हगवणीने आजारी पडले नव्हते. सून दारापाशी गेली आणि हाताने ते आकडे चाचपत राहिली.

"पुडीमुळे असेल, नाहीतर हवा चांगली होती म्हणूनही असेल," ती शेवटी म्हणाली. "पुढच्या कोकरांवर नीट करून बघायचं. आणि बाबा, तुमच्यावर पहारा ठेवणार मी."

पहारेकरी कोण नेमला असेल, सांगा बरे? मला तेल मिळाले, तुळई परत मिळाली, आणि आता रोज संध्याकाळी तो फुलाफुलांचा डबा माझ्याच आकड्याला लटकतो. सकाळी दिल्यापेक्षा जास्त पूड गेली का, ते मी सांगायचे.

मित्रांनो, तुमच्याकडे जुना काटा असेल तर त्याला अधूनमधून तेल द्या, आणि वजन करण्याआधी तो शून्यावर आहे ना ते बघा. त्याचे बोलणे पटले नाही, तर त्याला बादलीत टाकण्याआधी घरातल्या माणसांना विचारा.

माझा हेवा गेला असे मात्र म्हणणार नाही. डबा लटकला की एक रेघ कमी दाखवावी असे आजही मनात येते. पण तसे केले तर चोरीचा आळ म्हाताऱ्यावर येईल. ते समोर उभे राहून माझ्याकडे बघत असतात. मग मी डब्याचे जेवढे असेल तेवढेच वजन दाखवतो.