गुणाच्या हातावरचे तीन चौकोन

रामनगरच्या बाजारात भाड्याच्या खोलीत वासूनं दोन दिवे मांडले होते. काळे डाग लाल दिव्यानं पंधरा बैठकांत जातात, निळ्यानं एकाच बैठकीत. आधी आपलं तेल लावायचं, असं तो सांगे. रविवारी फुलाला बघायला खानापूरचे पाहुणे येणार होते आणि काजू भाजताना उडालेल्या चिकानं तिच्या गालावर काळा डाग पडला होता. तिला निळाच हवा होता.

फुलाची थोरली बहीण गुणा हायस्कुलात विज्ञान शिकवायची. बुधवारी ती सोबत गेली. निळा दिवा लागताच वासूचा पांढरा सदरा झगझगून उठला. तो स्वतः मात्र दिव्याकडे पाठ करून उभा. नुसत्या निळ्या काचेनं कापड असं चमकत नाही, गुणाच्या मनात आलं. यात उन्हातल्यासारखे अतिनील किरण असणार.

"तेल कसलं?"

"जडीबुटीचं, बाई. गुपित हाय."

"मग आधी माझ्या हातावर करा."

तिनं हातावर तेलाचे तीन चौकोन काढायला लावले. एक लाल दिव्याखाली, एक निळ्याखाली, तिसरा कागदानं झाकलेला. निघताना ऊन लागू नये म्हणून तिनं बाही खाली ओढली.

"तुझं लगीन झालंय, अक्का," फुला वाटेत फणकारली. "तुला काय, खेळ सुचतोय!"

"शनवारपर्यंत थांब. मग तुझं तू ठरव."

घरी आईनं, इंदुबाईनं, तो हात हुंगला. "ही तर बावची! कोडाच्या पांढऱ्या डागावर लावून उन्हात बसवतात, काळं यायला. काळ्या डागावर कोण लावतंय?"

"तू गप, आये," फुला म्हणाली. तरी ती थांबली.

शनिवारी सकाळी फुलानंच गुणाची बाही वर सारली. झाकलेला चौकोन स्वच्छ. लालखालचाही स्वच्छ. निळ्याखालचा जांभळट, मधोमध फोड.

"दुखतंय?"

"व्हय."

फुलानं लालखालच्या चौकोनावर बोट फिरवलं. "लाल दिव्यानं कायच झालं न्हाई?"

"वाईट न्हाई, बरं बी न्हाई."

"एका बैठकीत काय कळतंय, असं म्हणंल तो."

"म्हणंलच. म्हणून तर पंधरा सांगतोय, पंधरा वेळा पैसे घ्यायला."

फुलानं आरसा घेतला, गाल उजेडाकडे वळवला, मग आरसा पालथा ठेवला.

"येऊ देत उद्या पाहुणे. डाग कसला इचारलं, तर काजू भाजते म्हणून सांगीन."