पटावरचा श्रावण

माझं नाव मोतीराम. पण शाळेत दहा वर्षं 'श्रावण' पुकारलं की मी 'हजर' म्हणत होतो.

श्रावण माझा मोठा भाऊ. पहिलीत नाव घातलं अन् दोन महिन्यांत देवीच्या साथीत गेला. गावच्या मास्तरनं त्याचं नाव काटलंच नाही, पट मोठा दिसला तर शाळा टिकते म्हणून. तीन वर्षांनी बाप मले घेऊन गेला, तर मास्तर म्हणे, "नाव हायेच ना खुशालराव, पुन्हा कायले लिहा? यालेच बसवा." झालं! कागदावर माझं वय तीन वर्षांनी वाढलं.

मायले मात्र बरं वाटलं. घरीही ती श्रावणच म्हणू लागली. मी ओ देत गेलो.

पुढं अकोटच्या हायस्कुलात सहदेव मास्तर भेटले, विज्ञानाचे. त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या विज्ञानसंस्थेचं माहितीपत्रक मागवलं अन् मले धरलं. दोन वर्षं शाळा सुटल्यावर तिथल्या प्रवेशपरीक्षेची नुसती गणितं. इंग्रजी पुस्तक मराठीत समजून घ्यायचं, उत्तर पुन्हा इंग्रजीत लिहायचं. चुकलं की म्हणत, "डोक्श्यात भुसा भरला का बे?" आवड होती का, मले माहीत नाही. पण जायचं होतं. तिथं मले श्रावण म्हणून ओळखणारं कोणी नव्हतं.

फॉर्म आला अन् मास्तरनं कपाळावर हात मारला. वयाची अट होती. श्रावणच्या जन्मतारखेनं मी त्यात बसत नव्हतो.

अकोल्याचे मोरोपंत वकील म्हणाले, "मोठा मुलगा वारला, हा धाकटा, असं प्रतिज्ञापत्र लागेल. आईचं. बापानंच खोटं बसवलंय, त्याच्या सहीवर कोण विश्वास ठेवणार?"

मायले सांगितलं. ती भाकर थापून राहिली होती. हात थांबला.

"मेला म्हनून मी लिहून देऊ?"

"हो."

"दरसाल पास होऊन राहिला ना तो!"

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. फॉर्मची मुदत जवळ येत होती, मास्तर रोज विचारत, मी रोज मान हलवत होतो. बाप एकदा तिच्यावर ओरडला. मले राग यायले पाहिजे होता. तोही आला नाही.

पाचव्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी. म्हणे, "चाल."

अकोल्याच्या कचेरीत तिनं अंगठा दिला. परतीच्या एसटीत ती अंगठा पदराले पुसत होती.

"आता शाळेत काय पुकारतीन?"

"मोतीराम."

"अन् त्याचं?"

"काटतीन."

तिनं मान हलवली. अकोट येईपर्यंत अंगठा पुसत राहिली. शाई काही गेली नाही.

परीक्षा झाली, निवड झाली. सहदेव मास्तरनं साऱ्या शाळेले पेढे वाटले अन् स्वतःच रडले. मी पेढा खाल्ला. निघताना मायनं पहिल्यांदा 'मोतीराम' म्हटलं, पावण्याले म्हणावं तसं.

नव्या वर्गात पहिली हजेरी झाली. माझं नाव पुकारलं, मी 'हजर' म्हणालो, बरोब्बर. मंग यादी संपेपर्यंत मान खाली घालून ऐकून राहिलो.

श्रावण कोणी पुकारलाच नाही.