अठराव्या हिरवळीवरची तेवीस पावलं

"ती श्वास घेतेय ना, बाबा?"

"नाही. खिडकीत बसून पाइप ओढतेय. इश्बेल, अर्ध्या तासातला हा तिसरा फोन आहे तुझा."

मी फोन ठेवला. माझी मुलगी ऊना दहा महिन्यांची आहे, तिचा खोकला ओसरत आला होता, हे मलाही कळत होतं. पण नवरा महिन्यातले पंधरा दिवस समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर असतो आणि काळजी करायचं काम घरात माझ्या एकटीकडे आहे. मी पुढचं पाकीट फोडलं. आमच्या गोल्फ क्लबला अर्ज अजूनही कागदावर लागतो, हाताने लिहिलेला. जुने जनरल मॅनेजर सव्वीस वर्षांनी निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागेसाठी एकेचाळीस जणांनी अर्ज केले होते. ते लावून ठेवणं माझं काम.

या पाकिटातलं अक्षर मी वाचण्याआधी ओळखलं. खाली सही होती, नेव्हिल लम्सडेन.

अठरा वर्षांपूर्वी हे अक्षर आमच्या दारात आलं होतं. तेव्हा मी अकरा वर्षांची, इश्बेल रेनी. खाडीपलीकडच्या एका क्लबात माझे वडील, डॉड रेनी, मुख्य माळी होते आणि लम्सडेन सेक्रेटरी. जानेवारीतली सकाळ होती, दव गोठून सगळं पांढरं झालेलं. अशा वेळी भोकाभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर पाय ठेवायचा नसतो. गोठलेलं पातं काचेसारखं तुटतं. त्या दिवशी काही दिसत नाही, तीन दिवसांनी पावलापावलाचा काळा डाग वर येतो. बाबांनी 'बंद'ची पाटी लावली होती. लम्सडेनकडे दक्षिणेतले बडे पाहुणे आले होते. त्याने पाटी स्वतःच्या हाताने उपटली आणि त्यांना खेळायला सोडलं. चौथ्या दिवशी हिरवळी देवी आल्यासारख्या दिसायला लागल्या. कमिटीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "रेनीने पाटीच लावली नव्हती."

कोणाचा शब्द मानतील? नोकरी गेली, नोकरीबरोबर मिळालेलं घर गेलं. आठवड्याच्या आत घर सोडा, असं त्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. आई मावशीकडे जाऊन आजारी पडली ती उठलीच नाही. बाबा शाळेची बस चालवायला लागले. त्यानंतर त्यांनी गोल्फच्या गवतावर पाऊल ठेवलं नव्हतं. ऊनाला माझ्याकडे आणायचं असलं तरी मागच्या गल्लीने यायचे.

अर्ज जाळता आला असता. मी तो नीट सरळ केला आणि ढिगाच्या वर ठेवला.

कमिटीने तिघांना बोलावलं. पर्थच्या हेझेल ऑर, आयर्लंडचे एक गृहस्थ आणि लम्सडेन. आमच्याकडे शेवटची मुलाखत खोलीत होत नाही. क्लब स्थापन झाल्यापासूनची रीत आहे. उमेदवाराने रिकाम्या हाताने, एकट्याने अठराही भोकांचं मैदान चालून यायचं. मग जेवायला बसायचं आणि क्लबच्या प्रमुखाने, म्हणजे कॅप्टनने, एकच प्रश्न विचारायचा, "काय पाहिलंत?"

कोणी कोणत्या दिवशी चालायचं ते ऑफिस ठरवतं. ऑफिस म्हणजे मी. बुधवारी कडक गोठणार असं हवामानवाले सांगत होते. लम्सडेनला मी बुधवार दिला.

कारण मला एक गोष्ट माहीत होती. हिवाळ्यात सतरा हिरवळी अकरापर्यंत ऊन लागून मोकळ्या होतात. अठरावी क्लबहाऊसच्या सावलीत असते, ती एक वाजेपर्यंत पांढरी राहते. माझ्या टेबलासमोरच ती आहे, मी चार हिवाळे बघतेय. तिथे चूक नवखा करत नाही, नवखा पाटी वाचतो. चूक करतो तो वर्षानुवर्षं क्लब चालवलेला माणूस. पाट्या दुसऱ्यांसाठी असतात अशी त्याची खात्री असते.

बुधवारी सकाळी मी लवकर गेले. आमचे मुख्य माळी, फर्गस टॉश, पाटी ठोकून चहाला गेले होते. मी अठराव्या हिरवळीपाशी जाऊन पाटीचा दांडा दोन्ही हातांनी धरला. उपटली असती तर काम हमखास झालं असतं. बोटं लोखंडाला चिकटत होती. टॉशना दोन मुलं आहेत आणि क्लबच्या घरात राहतात. मी हात सोडला. पाटी होती तिथेच, होती तशीच राहिली. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

साडेबाराला लम्सडेन शेवटच्या चढावर दिसला. केस पिकलेले, पण चाल तीच, उजवा पाय बाहेर फेकत. लहानपणी आम्ही मुलं त्याची नक्कल करायचो. वरच्या खिडकीत माझ्याशेजारी कॅप्टन रॅनल्ड गेडीस शेरीचा पेला घेऊन उभे होते, चष्मा गळ्यात लोंबत होता.

"तुमचे पाहुणे आले, कॅप्टनसाहेब," मी म्हणाले. "हात तरी करा."

"अरे हो!" त्यांनी पेला उंचावला.

मी खिडकी वर सरकवली. "लम्सडेनसाहेब, सूप गार होतंय!"

इकडून या की तिकडून या, मी काही म्हटलं नाही. वाट हिरवळीला वळसा घालून, पाटीच्या बाजूने येते. तीस पावलं जास्त. लम्सडेनने वर पाहिलं, कॅप्टनना बघून हसला, टोपी काढली आणि पाटीला खांदा घासून सरळ पांढऱ्या हिरवळीवरून चालत आला. कॅप्टन तोवर शेगडीपाशी पाठ शेकायला वळले होते. मी मोजली. तेवीस पावलं.

जेवताना मी टिपणं घ्यायला कोपऱ्यात बसले होते. "काय पाहिलंत?" कॅप्टननी विचारलं आणि लम्सडेन बोलला, फार सुंदर बोलला. वाळूचे खड्डे, समुद्राकडचा वारा, सभासदांची सरासरी वयं. मग चमचा खाली ठेवून म्हणाला, "आणि माणसं, कॅप्टन. मैदान माणसांनी बिघडतं. माझ्याकडे एक माळी होता. दव गोठलेलं असताना पाटी लावायला विसरला. बायको-मुलगी होती त्याची, जड गेलं मला. पण काढावा लागला."

"कठीण काम," कॅप्टन म्हणाले.

"कोणीतरी करावंच लागतं." मग माझ्याकडे वळून, "थोडा पाव मिळेल का, बाई?"

मी पाव दिला. घरी गेल्यावर मात्र ऊनाला छातीशी धरून बराच वेळ बसले. बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, थंडी."

शनिवारी कमिटीची बैठक होती. लम्सडेनचं जवळपास ठरलंच होतं, म्हणून त्यालाही बोलावलं होतं. मी आत गेले तेव्हा सगळे वरच्या खिडकीत गोळा झालेले. खाली अठराव्या हिरवळीवर काळे डाग होते, एकामागोमाग एक, शाईचे ठिपके पडावेत तसे.

टॉश टोपी हातात घेऊन दारात उभे होते. "पाटी लावली होती, साहेब. माझ्या मुलांची शपथ."

लम्सडेन हळहळला. "कॅप्टन, मी बुधवारी म्हटलं ना? हीच गोष्ट. हे लोक विसरतात आणि मग शपथा घेतात. मी आलो की पहिलं काम हेच करीन."

तोच आवाज, तीच वाक्यं. मला वाटलं होतं मी चिडेन. उलट मला इतकं शांत वाटलं, जसं ऊना शेवटी झोपली की वाटतं.

"कॅप्टनसाहेब," मी म्हणाले, "चष्मा लावता? ही पावलं कुठून निघालीत आणि कुठे आलीत, बघा ना."

त्यांनी चष्मा लावला. पावलं शेवटच्या चढावरून निघाली होती आणि सरळ आमच्या खिडकीखाली येऊन थांबली होती.

"इथे?"

"इथे. बुधवारी साडेबाराला तुम्ही पेला उंचावलात तेव्हा. आणि उजवं पाऊल बघा, प्रत्येक वेळी बाहेर वळलंय."

मग एकेक जण लम्सडेनच्या बुटांकडे बघायला लागला. त्याने उजवा पाय सरळ करून घेतला. ते सगळ्यांनी पाहिलं.

"पाटी नव्हती," तो म्हणाला.

"तुम्ही तिला खांदा घासून आलात," मी म्हणाले. "पाटीचा पांढरा रंग होता कोटावर. सूप पिताना तुम्ही झटकलात."

"ही बाई कोण?"

"पाव देणारी. त्याआधी डॉड रेनीची मुलगी. तुम्ही आम्हाला आठवड्याची मुदत दिली होती."

कॅप्टन गेडीस फार हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "लम्सडेन, बुधवारी तुम्ही काय काय पाहिलंत म्हणालात?"

लम्सडेनने टोपी उचलली.

"दारातून डावीकडे वळा," मी म्हणाले. "वाटेनेच जा."

जागा हेझेल ऑरना मिळाली. मंगळवारच्या पावसात चालून आल्यावर त्या फक्त एवढंच म्हणाल्या होत्या की बाराव्या हिरवळीखालचा पाट तुंबलाय. तो खरंच तुंबलेला होता. नकाराचं पत्र मी लम्सडेनला हाताने लिहिलं, माझ्या सर्वांत वळणदार अक्षरात. त्याच्या जुन्या क्लबाला कॅप्टननीही एक लिहिलं. उत्तरादाखल त्या क्लबाकडून बाबांच्या नावे माफीचं पत्र आलं, ते बाबांनी वाचून घड्याळामागे ठेवलं.

त्या शनिवारी दुपारी ते ऊनाला घेऊन मागच्या दाराने आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं ते हसतील, रडतील, काहीतरी करतील. त्यांनी ऊनाला माझ्याकडे दिलं आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा मैदानाकडे गेले. वाटेवर, हिरवळीच्या कडेशी उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

परत येऊन म्हणाले, "तो खाली असताना खिडकी कोणी उघडली?"

"मी."

"तो हिरवळीवरूनच येणार, हे ठाऊक होतं तुला?"

"हो."

"त्या गवताने तुझं काय घोडं मारलं होतं, पोरी?"

बाबा टॉशकडून दाताळं मागून घेऊन पुन्हा खाली गेले, आणि नंतर मार्चपर्यंत दर शनिवारी जात राहिले.

मी टेबलावरून रोज पावलं मोजायचे. तेवीस, मग एकोणीस, मग अकरा. मार्चच्या शेवटी कोवळं गवत वर आलं आणि शेवटचं उजवं पाऊल, बाहेर वळलेलं, तेही मिटलं. टॉश खूश, बाबा खूश, ऑरबाई खूश.

मला ते पाऊल आणखी थोडे दिवस हवं होतं.